पायाचं मी पाहतो

डॉक्टरच्या खोलीत त्या दिवशी कोण कोण होतं ते पहिले सांगतो. डॉक्टर होते, म्हातारे, जाड चष्म्याचे. आमचे मालक होते, म्हणजे माहा नवरा. नाव महादेव, पण मैदानावर जाणारे सगळे त्याईले लोहा म्हणत. माही सासू होती, पदराच्या गाठीत तंबाखू बांधून. युसुफभाई होता, कामठीचा, मिलच्या फुटबॉल टीमचा गोली. शीला होती, माही पोरगी, आठ वर्साची, मांडीवर मावत नव्हती तरी बसली होती. अन् मी, भागीरथा. ह्यातल्या आता मी अन् शीला दोघीच उरलो.

मी दुसरीपर्यंत शिकली. लिहिणं माह्यानं होत नाही. मी सांगून राहिली अन् शीलाची पोरगी लिहून राहिली. आजार महारोग होता. त्याचं नाव आताच घेतो, कारण आमी ते नाव घ्यायले दोन वर्साच्या वर लावलं अन् त्या उशिरापायी मालकाच्या पायाची तीन बोटं गेली.

*

मिलनं मालकाले नोकरीवर घेतलं ते पायासाठी. फुल-बॅक खेळत. सकाळी खात्यात हजेरी लावायची, दुपारी मैदानात जायचं. मी लग्न होऊन चाळीत आली तं बाया म्हणत, "तुह्या नवऱ्याले खेळाचा पगार भेटते वं, तू त्याचे पाय दाबत जाय." मी दाबत होती. पिंडऱ्या अशा, जसं बाभळीचं लाकूड.

पहिले अनवाणी खेळत, घोट्याले पट्टी बांधून. मंग साहेबानं साऱ्या टीमले बूट आणले. त्या बुटाच्या तळाले चामड्याचे गुटके राहत, खिळ्यानं ठोकलेले. बूट आले त्या दिवशी मालक घरात बूट घालूनच जेवले. आत्याबाई, म्हणजे सासू, म्हणे, "घोड्याले नाल ठोकला काय गा?"

चाळीच्या फरसावर त्या बुटाचा आवाज ये, टक् टक्. मी आवाज आला का भाकर तव्यावर टाकत होती. इतक्या वर्सानं तसा आवाज कुठी आला तं हात अजून पिठाकडे जाते.

मैदानात मी दोनदाच गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हाची गोष्ट. जबलपूरकडची टीम आली होती. आमी बाया चिंचेखाली उभ्या होतो. मालक असे खेळले का त्याईच्या बाजूनं एकबी माणूस पुढं गेला नाही. मॅच जिंकली. युसुफभाईनं त्याईचा उजवा बूट ओढला तं मोजा लाल. बुटातला खिळा वर आला होता, तळव्यात घुसून. बूट उलटा केला तं रक्त सांडलं.

युसुफभाई ओरडला, "अरे देखो रे! पूरा हाफ खेल गया, उफ् नहीं किया! ये पाँव नहीं है, लोहा है लोहा!"

लोकाईनं त्याईले खांद्यावर घेतलं. तेव्हापासून ते लोहा झाले. मी बी फुगून गेली. नळावर पाणी भरता भरता साऱ्याईले सांगत होती, "आमच्या घरी काटा रुतला तरी समजत नाही वं. असा धीराचा माणूस आहे." काटा काढायची तं मी सुई खुशाल आतपर्यंत घालत होती. ते बिडी पीत बसत.

पण खांद्यावर घेतलं तेव्हाचं त्याईचं तोंड मले आठवते. सारे नाचून राहिले होते अन् मालक आपल्या पायाकडे पाहून राहिले होते. जसा तो पाय दुसऱ्या कोणाचा.

*

मंग दोन वर्सात खेळ सुटला. पाय फरफटे. पळताना पंजा खाली पडे अन् ते अडखळत. लोकाईनं म्हटलं वय झालं. वय काय, बत्तीस. मिलनं त्याईले कायमचं खात्यात टाकलं, दिवसभर मशीनजवळ उभं राहाचं. बूट खुंटीले टांगले. मी धूळ पुसत होती, ते म्हणत, "राहू दे, त्याले कोण पाहाते."

एक दिवस बूट पाहात पाहात मले म्हणाले, "शेवटचे दोन साल मी आवाजावर खेळलो."

"म्हंजे?"

"चेंडू पायाले लागला का नाही ते मले समजत नव्हतं. आवाज आला का समजे, लागला."

मी म्हटलं, "थकले तुमी." तेव्हाच उठून डॉक्टरकडे जायले पायजे होतं. मी त्याईच्या पायाले तेल लावत बसली.

*

आजार समजला तो सिगडीपाशी. सकाळची वेळ, मालक उभ्यानं चहा पिऊन राहिले होते. मी पोळ्या करून राहिली होती. जळल्याचा वास आला. मले वाटलं पोळी जळली. तव्यावर पाहतो तं पोळी चांगली होती.

आत्याबाई दाराजवळ बसल्या होत्या. त्याईनं खाली पाह्यलं अन् हळूच म्हटलं, "महादेव, पाय उचल."

"काहून?" मालक म्हणाले. अन् चहाचा घोट घेतला.

सिगडीतला निखारा पडला होता. त्याच्यावर उभे होते.

आत्याबाईनं कधी जोरात आवाज केला नाही, तेव्हाबी केला नाही. फक्त शीलाले म्हणाल्या, "जाय, युसुफले बोलावून आण." युसुफभाई तेव्हा चाळीच्या मागच्या गल्लीतच राहे. तो आला, पाय पाह्यला, अन् पहिल्यांदा त्याच्या तोंडून लोहा निघालं नाही. म्हणे, "महादेव, चल."

*

डॉक्टरनं पहिले पाठ पाहिली. पाठीवर अन् मांडीवर फिक्के चट्टे होते. मले ते माहीत होते. मी त्याईले घामाचे डाग समजत होती.

मंग डॉक्टरनं कापसाची वात केली. म्हणे, "डोळे मिटा. जिथं कापूस लागला असं वाटलं तिथं बोट ठेवा."

हाताले लावला, मालकानं बोट ठेवलं. खांद्याले लावला, ठेवलं. पायाले लावला. मालक बसून. डॉक्टरनं परत लावला. मालकाच्या कपाळाले घाम. मंग अंदाजानं एक बोट ठेवलं, तं तिथं कापूस नव्हताच.

माह्या जिवाले ते पाहवलं नाही. खेळात तो माणूस कधी हरलेला मी पाह्यला नव्हता, अन् इथं कापसापुढं हरून राहिला होता. डॉक्टरनं कापूस लावला का मी खोकलली. मालकानं लगेच बोट ठेवलं. पुन्हा कापूस, पुन्हा मी खोकलली, पुन्हा बोट. जागा चुके पण बोट ठेवत. युसुफभाईनं माह्याकडे पाह्यलं. तोबी खोकलला.

डॉक्टर थांबले. चष्मा काढला. म्हणे, "बाई, तुम्हाला खोकला कधीपासून आहे?"

शीला म्हणाली, "मायले खोकला नाही आहे."

"बाहेर बसा बरं," डॉक्टर म्हणाले, रागानं नाही. "तुम्ही आणखी दोनदा खोकलला असता तर मी यांना घरी पाठवलं असतं."

मी बाहेरच्या बाकावर बसली. आत काय चालू आहे ते दिसत नव्हतं. इतकं शांत होतं का मले समजलं, आत मालक बोट ठेवून नाही राहिले.

*

चाळीत बातमी गेली. कोणी तोंडावर वाईट बोललं नाही, पण नळावर माही घागर लागली का बाया आपल्या घागरी मांगं ओढत. एक जण आत्याबाईले म्हणे, "मागच्या जन्माचं काहीतरी असन वं."

आत्याबाई तंबाखू मळून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "मागचा जन्म आमी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडून आलो. तुह्यापाशी राहिला असन तं पाहाय."

आमची सगळ्याईची तपासणी झाली. कोणाले काही नव्हतं. डॉक्टरनं समजावून सांगतलं का गोळ्या चालू झाल्या का दुसऱ्याले लागत नाही, घरी राहा. पण निखाऱ्याची जखम हाडापर्यंत गेली होती, म्हून गावाबाहेरच्या दवाखान्यात राहाव लागलं. मालक जाताना खुंटीवरचे बूट घेऊन गेले नाही. पाट्यावर चहाची कपबशी होती, ती स्वतः धुऊन, उलटी करून ठेवली. म्हणाले, "ही वापरू नका."

मी त्याच कपात चहा पेली. ते गेल्यावर. सांगायचं असतं तं कोणाले सांगाव?

*

दवाखान्याचा दिवस मले पाठ झाला होता. सकाळी सारे ओळीनं बसत, पाय घमेल्यात, पाण्यात बुडवून. मंग दगडानं जाड कातडी घासायची, मंग तेल. मंग आरसा घेऊन तळवा पाहायचा, काही रुतलं का, लाल झालं का. दुखत नाही म्हून पाहाव लागते. मालक म्हणत, "इथं आमी पायाची हजेरी घेतो." दोनदा प्लास्टर घातलं. तीन बोटं काढली. जखम भरायले वर्साच्या वर गेलं.

जखम भरली, डॉक्टरनं जा म्हटलं, अन् मालक आले नाही.

मिलची नोकरी त्याईनं चिठ्ठी लिहून सोडली होती. नोकरीसंगं चाळीची खोली गेली. मी, आत्याबाई अन् शीला शहराबाहेर वाडी नावाच्या वस्तीले आलो, भाड्याच्या खोलीत. ट्रकाचे गोदाम होते, तिथं मी फाटके पोते शिवे. मालक तिकडेच दवाखान्याच्या चप्पलखान्यात कामाले लागले. मऊ काळ्या रबराची चप्पल, चिकटवायची अन् शिवायची. खिळा एकबी नाही. खिळा त्या खोलीत आणायलेच मनाई होती. मले सांगताना ते पहिल्यांदा थोडेसे हासले. "इतकी वर्सं खिळ्यावर पळलो," म्हणे.

दर ऐतवारी मी डब्बा घेऊन एसटीनं जात होती. कडुलिंबाखाली बाक होता. ते एका टोकाले, मी दुसऱ्या टोकाले. मी डब्बा हातात द्यायले जाय तं म्हणत, "ठेव." मी बाकावर ठेवे, मंग ते उचलत. कपडे आणले, "ठेव." शीलानं शाळेत काढलेलं चित्र आणलं, "ठेव वं बाई."

"घरी काहून येत नाही तुमी?" मी विचारे.

"शीलाचं लग्न होऊ दे. माहं नाव काढलं तं तिले पाहायले कोण येईन?"

शीला तेव्हा दहा वर्साची होती.

चार वर्सं मी तो एक शब्द ऐकला, ठेव. बाकी आठवडाभर मी पोते शिवत राहे अन् दाराबाहेर कोणाची चाल ऐकू आली का मान वर करे. वाडीत चाली पुष्कळ. ड्रायव्हर, हमाल, सारे पाय घासतच चालत. एकबी आमच्या दारात थांबे नाही.

*

एका ऐतवारी मी डब्बा नेलाच नाही. शीलाले संगं घेऊन रिकाम्या हातानं गेली. बाकावर बसली, उजव्या पायाची चप्पल काढली अन् पाय बाकावर ठेवला, त्याईच्या बाजूनं.

"मले चप्पल पायजे," मी म्हटलं.

"बाजारात भेटते."

"बाजारातल्याले खिळे राहतेत."

त्याईनं माह्या पायाकडे पाह्यलं. मंग म्हणाले, "कागदावर पाय ठेवून शीलाले पेन्सिल फिरवायले सांग. पुढच्या बारीनं कागद आण."

"कागद नाही. माप घ्या."

"अवो, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. दिवसभर दुसऱ्याईच्या पायाचं माप घेता, मंग माहाच पाय काय वंगाळ आहे?"

शीला हासली. चौदा वर्साची झाली होती. मालक उठले, फीता घेऊन आले, खाली बसले. असा फीता फिरवला का बोट कुठी लागू नाही. मी पाय हालवला. पुन्हा फिरवला, मी पुन्हा हालवला.

"हालू नको वं!" म्हणाले अन् टाच धरली.

मी हालली नाही. त्याईनंबी हात काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "टाचा किती उलल्या तुह्या."

"समजते तुमाले?"

"हाताले समजते. पायाले नाही समजत. घरी आलो अन् खिळा रुतला तं मले कोण सांगीन? इथं आरसा आहे, पाहणारे आहेत."

"पायाचं मी पाहतो," मी म्हटलं. "तुमी चपला करा."

"अन् शीला?"

शीला म्हणाली, "बाबा, चला ना. एसटी सुटून राहिली."

त्या दिवशी आले नाही. पुढच्या ऐतवारी मी गेली तं फाटकातच उभे होते, खांद्याले पिशवी. माह्या चपला आणल्या होत्या. बाकावर ठेवल्या नाही. माह्या हातात दिल्या.

*

मंग रोज दिवेलागणीले त्याईचा पाय माह्या मांडीवर. मी तळव्यावरून बोट फिरवे, बोटाच्या बेचक्या पाहे. सगळं चांगलं असलं का चूप राहे. काही दिसलं, खडा, काच, लाल जागा, तं मी खोकले. सांगून ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा खोकलली तं ते म्हणाले, "कुठी?" अन् आमी दोघंबी हासलो. इतके हासलो का आत्याबाईनं आतून विचारलं, काय झालं गा?

घरात भांडणं झाली नाही असं नाही. पोते शिवून माही पाठ धरे, त्याईच्या चपलीले गिऱ्हाईक कमी. चिडले का म्हणत, "तिकडे बरा होतो." मी म्हणे, "जा मंग, एसटी आहे." पण दिवेलागणीले पाय मांडीवर येच. बोलणं बंद असलं तरी ये.

पुढं तीन नव्या गोळ्या निघाल्या. पहिल्या दिवशी लघवी संत्र्याच्या रंगाची झाली. मालक घाबरून बाहेर आले. नर्सबाईनं पहिलेच सांगतलं होतं, मी सांगायची विसरली होती. कातडीबी काळपट झाली, पण चट्टे गेले. मंग डॉक्टरनं गोळ्या बंद केल्या. आजार गेला म्हणाले. पायाची समज गेली ती आली नाही, येणार नाही हेबी सांगतलं.

शीलाले नरखेडकडून स्थळ आलं तेव्हा मालक शेजाऱ्याच्या खोलीत जाऊन बसले. शीला पाहुण्याईपुढं चहा ठेवून म्हणाली, "माह्या बाबाले महारोग होता, बरा झाला, ते शेजारी बसले आहेत, बोलावू काय?" दोन जण उठून गेले. पुढच्या साली दुसरे आले, त्याईलेबी तिनं तेच सांगतलं, बाबाले लोहा म्हणत अन् पाय अधू झाला हेबी; त्याईच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणता पाय? त्या जबलपूरच्या मॅचवाला?" तो मॅच पाहायले आला होता. तिथंच तिचं जमलं.

*

युसुफभाई रिटायर झाल्यावर एका ऐतवारी वाडीले आला. दात पडले होते, पोट सुटलं होतं, काखेत एक जुना चेंडू. गोदामासमोरची जागा रिकामी होती, ट्रक सारे बाहेर गेलेले. तो दोन पोत्याच्या मधात जाऊन उभा राहिला.

"अबे लोहा, मार."

"जाय गा. काय मारू? पाय कुठी आहे?"

"तीन उंगली गई, बाकी तो है ना? मार. भाभी, बोलो इसको."

मी ओसरीच्या कोपऱ्यावर उभी होती. मालकानं चपलेचा पट्टा घट्ट केला. दोन पावलं मांगं गेले, पंजा फरफटला, अन् उजव्या पायानं मारला. धप्प आवाज आला. पण तेव्हाच रस्त्यानं ट्रक गेला, हॉर्न वाजवत. त्याईले ऐकू आला नाही.

चेंडू दोन पोत्याच्या मधातून गेला. युसुफभाई हाललाबी नाही.

"लगा?" त्यानं विचारलं.

मालकानं पायाकडे पाह्यलं नाही. माह्याकडे पाह्यलं.

मी खोकलली.

"लागला," मालक म्हणाले.

*

त्याच्यानंतर नऊ वर्सं जगले. पायाले जखम झाली नाही. छातीच्या दुखण्यानं गेले. मले अजून दिवेलागणीले मांडी रिकामी लागते. बोट आपोआप फिरते, हवेतच. कधी घसा खवखवला अन् मी खोकलली का पहिले थांबतो, कोणी "कुठी?" म्हणते काय म्हून.

हे वाचणाऱ्याले माहं एक म्हणणं आहे. घरात कोणी "मले लागत नाही, दुखत नाही" म्हणत असन, कोणाच्या अंगावर फिक्का चट्टा असन, तं त्याले धीराचा म्हणू नका. डोळे मिटायले सांगा अन् कापूस लावून पाहा. समजलं नाही तं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्या. गोळ्या फुकट भेटतेत. अन् डॉक्टरच्या खोलीत त्याच्याजवळ बसा, पण खोकलू नका.